पंधराशे पन्नासपर्यंत मी सरळ होते

एवढं वाकून बघू नका. आता माझ्यातून काही बाहेर पडत नाही, पण ज्या दिवसांत पडत होतं त्या दिवसांत असं वाकणाऱ्याचा डोळा गेला असता, म्हणून सवयीने सांगते. मी काचेची तार आहे. जाडीला शिवणाच्या दोऱ्याएवढी, लांबीला बारा मीटर. एका लेसरच्या यंत्रात होते. लेसर म्हटलं की लोक पेटी बघतात, पाटी बघतात, लुकलुकणारे दिवे बघतात. मी आत गुंडाळलेली असते, त्यामुळे माझी ओळख करून द्यावी असं कुणाला वाटलं नाही. आज मीच करून देते.

माझा जन्म परदेशातला. उंच मनोऱ्यात काचेची कांडी तापवतात आणि तिचा दोरा खाली ओढत नेतात, तशी मी झाले. मग फोमच्या खोक्यात बसून मुंबईला आले आणि विमानतळाच्या गोदामात तीन आठवडे पडून राहिले, कारण मला काच म्हणायचं, तार म्हणायचं की यंत्र, हे कागदोपत्री ठरेना. शेवटी कुणीतरी ‘इतर’ या रकान्यात खूण केली आणि मी सुटले.

माझं काम थोडक्यात सांगते. माझ्या पोटातून एक वाट जाते, केसाहून बारीक. तिच्यात यिटर्बियम नावाच्या धातूची चिमूट मिसळलेली असते. छोट्या छोट्या दिव्यांचा विस्कटलेला उजेड माझ्यात कोंबतात, त्याने तो धातू चेततो आणि माझ्या दुसऱ्या तोंडातून एकच सरळ किरण निघतो. डोळ्यांना दिसत नाही, पण तांब्याच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवल्या तर क्षणात सांधून टाकतो.

आता माझा अवगुण सांगते, कारण ही सगळी गोष्ट त्याचीच आहे. प्रकाश फार झाला की काच गप्प बसत नाही. आधी ती आतल्या आत गुणगुणते. खरंच, उजेडाच्या जोराने काचेत नाद उठतो आणि तो नाद उजेडालाच माघारी फिरवतो, ज्या दिव्यांनी पाठवला त्यांच्याच तोंडावर. त्यातून निभावलं तर उजेड आपला रंग सोडून दुसऱ्या रंगाकडे सरकायला लागतो. याला रामन परिणाम म्हणतात. शाळेच्या पेपरात तो लिहिला की मार्क मिळतात, माझ्या पोटात घडला की शिव्या मिळतात.

यावर उपाय म्हणून वाट जरा रुंद करतात. मी तशीच, रुंद वाटेची. पण रुंद वाटेत उजेडाला इकडेतिकडे सरकायला जागा मिळते. मी तापले की माझ्या काचेत गरम-थंड पट्टे उमटतात आणि त्या पट्ट्यांमुळे किरण एका सेकंदात हजारदा जागा बदलतो. हे हळूहळू होत नाही. एका आकड्यापर्यंत मी शहाण्यासारखी वागते, त्याच्यापुढे दहा-वीस वॅट चढवले की अंगात आल्यासारखी घुमायला लागते. म्हणजे अरुंद असले तरी बोंब आणि रुंद असले तरी बोंब. मुलगी बघायला आलेल्यांच्या तोंडून असलं काहीतरी तुम्ही ऐकलं असेल.

तर अशी मी पुष्करच्या हाती पडले.

पुष्कर दादरचा. बारा वर्षं परदेशात लेसरच्या कारखान्यात नोकरी केली आणि एक दिवस सगळं सोडून परत आला. डिलाईल रोडच्या मागे एका जुन्या औद्योगिक इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर त्याने गाळा घेतला. खाली लग्नपत्रिका छापणारा प्रेस, वर रबरी शिक्के करणारा आणि मध्ये आम्ही. खिडकीतून समोर काचेचा मोठा टॉवर दिसायचा, पूर्वी तिथे गिरणी होती म्हणे. ‘हे इथे बनू शकतं’ एवढंच पुष्करचं वेड होतं. येणाऱ्या प्रत्येकाला तो हे वाक्य ऐकवायचा, पाणी आणून देणाऱ्यालासुद्धा. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवते.

त्याची चूक एकच झाली. त्याने पाटी आधी करून घेतली. यंत्राचा सांगाडा उभा राहण्याआधी पितळेची सुरेख पाटी आली, तिच्यावर कंपनीचं नाव आणि खाली ‘२००० वॅट’. इथल्या माणसांची ही रीत मी पुढे बऱ्याचदा बघितली. आधी आकडा जाहीर करायचा, मग देवावर सोडायचं. मला कुणी विचारलं नव्हतं.

विचारणारी एकच होती, अनुजा. पस्तिशीची, भौतिकशास्त्र शिकलेली, बोलायला मोजकी. चाचणीचं सगळं काम तिच्याकडे. ती पॉवर वीस-वीस वॅटनी चढवायची, प्रत्येक पायरीला दोन मिनिटं थांबायची आणि वहीत लिहायची. माझ्या तोंडाशी तिने एक चपळ डोळा बसवला होता. किरण जरा हलला की त्याच्या पडद्यावरची सरळ रेघ काटेरी व्हायची. पहिल्याच दिवशी बाराशे दहावर रेघेला काटे फुटले.

पुष्कर म्हणाला, थोडं ट्यून कर ना. हा शब्द त्याला फार आवडायचा. पंखा आवाज करत असला तरी ट्यून कर, चहा पांचट झाला तरी ट्यून कर. अनुजाने आठवडाभर ट्यून केलं. आकडा बाराशे दहाच राहिला.

दोष माझ्या गुंडाळणीत होता. मला पहिल्यांदा रिळावर गुंडाळलं ते पुष्करने स्वतः, फोनवर कुणाशी तरी बोलता बोलता. कुठे घट्ट, कुठे सैल, एका ठिकाणी तर माझ्याच अंगावर मला टाकलेलं. माझ्यासारखीला घट्ट आणि एकसारख्या वळणात ठेवलं तर भरकटलेला उजेड वळणावर गळून जातो आणि सरळ चालणारा तेवढा टिकतो. अनुजाला हे पुस्तकातून ठाऊक होतं, पण तिची बोटं पुस्तकातली. तिने दोनदा प्रयत्न केला आणि दोनदा मी निसटले.

तेव्हा कोपऱ्यात चहाची भांडी विसळणाऱ्या शांताबाई हात पुसत पुढे आल्या. त्या आमच्याकडे झाडू-पोछा आणि चहा बघायच्या, सगळे त्यांना शांतामावशी म्हणायचे. तारुण्यात त्या समोरच्याच गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या. सूत कोनावर, म्हणजे पुठ्ठ्याच्या शंकूवर, गुंडाळायचं काम, दिवसभर, पंचवीसेक वर्षं. अनुजाची धडपड त्यांनी जरा वेळ बघितली आणि म्हणाल्या, “असा नाय गो बाय. दोरो हातातसून जावक व्हयो. तू ओढतंस.”

अनुजाने जागा दिली. मावशींनी चष्मा लावला, मला अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये धरलं आणि दुसऱ्या हाताने लहान घेराचं रीळ फिरवायला लागल्या. त्या माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या, खिडकीबाहेर बघत होत्या. चाळीस मिनिटांत मी खाचेत अशी बसले की वळणाला वळण चिकटून, पण एकावर एक कुठेच नाही. माझ्या आयुष्यात मला कुणी नीट धरलं असेल तर ते त्या दुपारी. आजही आठवलं की बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी अनुजाने वीस-वीस वॅट चढवत नेले. बाराशे दहा गेलं, रेघ सरळ. तेराशे गेलं, चौदाशे गेलं. पंधराशे पन्नासपर्यंत मी सरळ होते. पंधराशे सत्तरला घुमले. अनुजाने वहीत आकडा लिहिला, त्याच्याभोवती चौकट काढली आणि त्या दिवशीचा चहा तिने स्वतः करून मावशींना दिला. मावशी म्हणाल्या, साखर कमी आहे.

पुष्करलाही आनंद झाला, पण पाचच मिनिटं. मग त्याने विचारलं की दोन हजार कधी. अनुजाने त्याला समजावलं की या तारेची हद्द इथवरच आहे, पुढे जायचं तर तारच वेगळी बनवून घ्यावी लागेल, सहा महिने लागतील. पुष्करने पाटीकडे बघितलं. मग म्हणाला की दसऱ्याला हितेंद्रभाई येतायत, मुहूर्त ठरलाय.

हितेंद्रभाई म्हणजे आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक. त्यांची कंपनी शाळांच्या छोट्या विजेच्या बससाठी बॅटऱ्या जोडायची. एका बॅटरीत शेकडो सांधे, प्रत्येक सांधा तांब्याचा. तो मारायला त्यांना लेसर हवा होता. त्यांनी यंत्र घेतलं असतं तर गाळा तगला असता, आम्ही सगळेच तगलो असतो. नाही घेतलं तर पुष्करला परत कुणाच्या तरी कारखान्यात नोकरी शोधावी लागणार, हे झाडूलासुद्धा माहीत होतं.

दसऱ्याला गाळ्यात यंत्रांची पूजा. खरं म्हणजे त्या दिवशी हत्यारांना विश्रांती देतात. पण पुष्करला पूजाही हवी होती आणि चाचणीही, कारण मुहूर्त साडेतीनांतला. सकाळी यंत्राला हळदकुंकू लागलं, आपट्याची पानं ठेवली गेली आणि प्रिंटिंग प्रेसवाल्यांकडून झेंडूचा भलामोठा हार आला. तो घालायला यंत्रावर एकच बरी जागा सापडली, मला गार ठेवणाऱ्या कूलरच्या जाळीवर. फोटो छान आला. वारा बंद झाला.

हितेंद्रभाई आले, पाहुण्यांना पेढे दिले गेले, पुष्करने बटण दाबलं. अनुजाने पॉवर चढवायला घेतली आणि तेराशेवरच रेघ काटेरी झाली. मी आत भाजत होते. अनुजाच्या लगेच लक्षात आलं आणि ती म्हणाली, हार काढा. कुणी हलेना. पूजा झालेली वस्तू उत्तरपूजेआधी हलवायची नाही हे गाळ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पाचजण शिकलेले, त्यातला एक परदेशात राहून आलेला, आणि सगळे झेंडूच्या हाराकडे बघत उभे. पुष्करने हात पुढे केला आणि मागे घेतला. त्याची आई घरून व्हिडिओ कॉलवर बघत होती.

शेवटी शांताबाई आल्या. त्यांनी हारावर चार अक्षता टाकल्या, पुटपुटल्या, हार उचलला आणि गणपतीच्या तसबिरीला घातला. “देवाक चलता,” एवढं म्हणून त्या परत भांड्यांकडे गेल्या. दहा मिनिटांत मी गार झाले.

अनुजा पंधराशे पन्नासला थांबली. रेघ सरळ होती. तिने मागे वळून पुष्करकडे पाहिलं. पुष्करने स्वतः पुढे होऊन बटण फिरवलं.

आता इथे माणसांच्या शोधांतली एक गोम सांगते. किरणाची ताकद मोजायचं जे मीटर असतं ते आळशी असतं. ते सगळा उजेड पोटात घेऊन किती उबारा झाला तेवढंच सांगतं. उजेड सरळ आला की नाचत आला, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. मी सेकंदात हजारदा डोकं आपटत होते आणि मीटर हळूहळू, समाधानाने वर चढत होतं. दोन हजार सहा. टाळ्या वाजल्या. खरं सांगणारा तो चपळ डोळा आणि त्याचा पडदा बाजूलाच होता, पण पडद्यासमोर कुणीतरी पेढ्यांचा खोका ठेवला होता. कुणी ठेवला हे मी बघितलं आहे, पण राहू द्या.

मग नमुन्याचे दोन सांधे मारले. दोन्ही चिकटले. पुष्करने छापील अहवाल आणला. त्यावर लिहिलं होतं: दोन हजार वॅट, किरण स्थिर. खाली चाचणी करणाऱ्याची सही. पेन अनुजापुढे केलं गेलं.

अनुजाने खोका बाजूला केला. पडद्यावर नुसती काट्यांची दाटी. ती शांतपणे म्हणाली की हा किरण स्थिर नाही, सांधा वरून दिसतो तसा आतून नसणार, आणि कच्चा सांधा तापला तर बॅटरी पेटू शकते. पुष्करचा चेहरा उतरला. पण हितेंद्रभाई हसले. अनुभवी माणूस. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि समजुतीच्या सुरात बोलले.

“मॅडम, आम्हाला खरं तर बाराशेच लागतं. पण टेंडरच्या कागदावर दोन हजार आहे, कारण दुसऱ्या पार्टीने दोन हजार लिहिलंय. तुम्ही पण लिहून टाका. आम्ही चालवणार बाराशेवरच. तुमचं पण होईल, आमचं पण होईल.”

म्हणजे बघा. ज्याला नको होतं तो मागत होता, ज्याला जमत नव्हतं तो देत होता, आणि मधे मी भाजून निघाले होते. बाराशेवर तर मी डोळे मिटून सरळ उभी राहते. त्या क्षणी मला वाटलं की अनुजाने सही करून टाकावी. खोटं कशाला बोलू. मला त्या गाळ्यात राहायचं होतं.

अनुजा पाणी प्यायला चहाच्या कोपऱ्यात गेली. मावशी नमुन्याची पट्टी हातात घेऊन उभ्या होत्या, सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवत. “हो सांधो एकसारखो नाय,” त्या म्हणाल्या. “जाड-बारीक जाता. तुझा नाव लिवूचा आसा काय तेच्यार?”

अनुजाने होकाराची मान हलवली. मग मावशींनी तिला आपली एक गोष्ट सांगितली, हळू आवाजात, मला ऐकू येईल एवढ्याच. गिरणीत प्रत्येक कोनाच्या आत गुंडाळणारीच्या नंबराची चिठ्ठी ठेवायचे. मावशींचा नंबर चारशे सतरा. एकदा खराब सूत आलं. मावशींच्या बोटांना ते लागलीच कळलं, पण साहेब म्हणाला चालवून घ्या, आणि त्यांनी कोन भरून आपली चिठ्ठी आत ठेवली. ते सूत पुढे लवू नावाच्या विणकराच्या मागावर गेलं आणि दिवसभर तुटत राहिलं. कापड वाया गेलं, ठपका लवूवर आला आणि त्याला पंधरा दिवस घरी बसवलं. लवू त्यांच्याच चाळीत, त्यांच्याच मजल्यावर राहायचा. चिठ्ठी त्याच्या हातात आली होती. तो भांडला नाही, कुणाला बोलला नाही. फक्त सकाळी नळावर ‘काय गो शांता’ म्हणायचा ते बंद केलं. पुढे एकवीस वर्षं तो त्या मजल्यावर जगला, पण ते परत कधी म्हणाला नाही.

मावशींनी एवढंच सांगितलं, सल्ला काही दिला नाही. अनुजाने ग्लास विसळून पालथा घातला आणि बाहेर आली. अहवालातला ‘दोन हजार’ तिने एका रेघेने खोडला, वर ‘पंधराशे पन्नास’ लिहिलं आणि खाली पूर्ण नावाने सही केली, वडिलांच्या नावासकट.

“हितेंद्रभाई, तुम्ही बाराशेवर चालवाल,” ती म्हणाली. “तुमचा ऑपरेटर पाटी वाचून चालवेल. त्याला हे कोण सांगणार?”

हितेंद्रभाई रागावले नाहीत. त्यांनी पेढा खाल्ला, कागद वाचला, म्हणाले की मुलगी प्रामाणिक आहे, अशी माणसं आजकाल मिळत नाहीत. आपट्याची पानं खिशात घातली आणि ऑर्डर दुसऱ्या पार्टीला दिली.

पुष्कर त्या दिवशी ओरडला असता तर बरं झालं असतं. संध्याकाळी गाळा बंद करताना तो म्हणाला, “तू बाहेरच्या माणसासमोर मला पाडलंस, अनुजा. मला एकट्याला सांगायचंस.” अनुजा म्हणाली की एकट्याला सात वेळा सांगितलं, वहीत तारखा आहेत. दोघांचंही खरं होतं. महिनाभराने तिने नोकरी सोडली. सोडायला लावली असं पुष्कर कधीच म्हणणार नाही, आणि तिनेही कधी म्हटलं नाही.

मला तिचा अभिमान वाटला, आणि रागही आला. ती गेल्यावर माझी काळजी घेणारं कुणी उरलं नाही. पुष्करच्या डोक्यात दोन हजारचा किडा बसलाच होता. कंपनीच्या जाहिरातीसाठी त्याला व्हिडिओ करायचा होता. एका रविवारी एकटा आला, लखलखीत तांब्याचा पत्रा ठेवला आणि बटण पूर्ण फिरवलं. चकचकीत तांबं उजेड परत फेकतं. मी आधीच घुमत होते, त्यात माझाच उजेड माझ्या तोंडात परत आला. तोंडाशी एक पांढरी ठिणगी पेटली आणि चालत्या माणसाच्या वेगाने माझ्या पोटातून मागे मागे सरकत गेली, बाराच्या बारा मीटर. तिच्या मागे बारीक बुडबुड्यांची रांग राहिली. दुखलं का म्हणाल, तर हो.

त्याच क्षणी पुष्करने मीटरचा फोटो काढला होता. दोन हजार चौदा. तो फोटो अजून त्यांच्या माहितीपत्रकावर आहे. त्यात मी मरतेय, पण आकडा स्पष्ट आलाय.

काचेचा कचरा म्हणून मला डब्यात टाकलं होतं. सोमवारी मावशींनी झाडताना मला उचललं, बोटांना टोचत असतानाही एका पुठ्ठ्याच्या कोनावर व्यवस्थित गुंडाळलं, आणि अनुजा अनुभवाचं पत्र न्यायला आली तेव्हा तिच्या पिशवीत घातलं. पुष्कर दारापर्यंत आला होता. त्याने विचारलं, बरी आहेस ना. ती म्हणाली, हो, आणि तू? त्याने मान हलवली. एवढंच.

आता मी दादरला असते, पहिल्या मजल्यावर, तिच्या खिडकीच्या कठड्यावर. अनुजा एका कॉलेजात शिकवते. वर्षातून एकदा मला घेऊन जाते आणि मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली माझे बुडबुडे दाखवते. मुलं फोटो काढतात आणि विचारतात, परीक्षेला येतं का. बाकी वेळ मी खिडकीतून खालची गल्ली बघते.

या जूनमध्ये गल्लीत नवी बस यायला लागली. छोटी, विजेची, आवाज न करणारी. अनुजाची मुलगी मनवा दुसरीत गेली, तिच्या शाळेची बस. पहिल्या दिवशी अनुजाने बसच्या कडेला चिकटवलेलं बॅटरीच्या कंपनीचं नाव वाचलं आणि मनवाचा हात सोडला नाही. नाव हितेंद्रभाईंच्या कंपनीचं होतं. त्या दिवशी ती मनवाला टॅक्सीने घेऊन गेली. तिथेच शाळेच्या ऑफिसात तिने चौकशी केली. शाळेची माणसं भली. त्यांनी लगेच फाइल काढून प्रमाणपत्राची प्रत दिली, म्हणाले, मॅडम, सगळं तपासलेलं आहे. त्यावर लिहिलं होतं: सांध्यांसाठी वापरलेला लेसर दोन हजार वॅट, किरण स्थिर. खाली सही होती. अनुजाने ती खिडकीशी उजेडात धरून तीनदा बघितली. नाव लागत नव्हतं.

कदाचित त्या पार्टीची तार माझ्याहून चांगली असेल. कदाचित सांधे बाराशेवरच मारले असतील, आणि बाराशेवर कुणीही सरळ असतं. अनुजाने हे स्वतःला मोठ्याने सांगितलेलं मी ऐकलंय. आठवडाभर तिने मनवाला स्वतःच पोहोचवलं. मग मनवा रडायला लागली, कारण तिच्या सगळ्या मैत्रिणी बसमध्ये, खिडकीच्या जागा ठरलेल्या, गाणी ठरलेली. सगळ्यांच्या आया बसवतातच की. शेवटी अनुजानेही बसवलं.

मला फार काही मागायचं नाही. तुमच्या हातात असला कागद आला तर आकड्याखालची सही वाचा. ती वाचता आली नाही तर विचारा, शाळेची माणसं भली असतात, फाइल काढून देतात.

अनुजा रोज सकाळी मनवाला बसमध्ये चढवते, हसून हात हलवते, आणि वर येऊन माझ्या शेजारी फोन घेऊन बसते. मुलं शाळेत पोहोचली की शाळेकडून मेसेज येतो. पंचवीस मिनिटं लागतात. तोवर ती चहा करत नाही, पेपर उघडत नाही, माझ्याशीही बोलत नाही. मेसेज आला की उठते आणि कामाला लागते.

आजची बस मघाशी वळली. मेसेज अजून आलेला नाही. घाई नसेल तर जरा थांबा आमच्याबरोबर.